सांधे शोधा: इंग्लंडमधलं जुनं गावचर्च पहिल्यांदा बघताना

इंग्लंडमध्ये नोकरी-शिक्षणानिमित्त आलेली आपली मंडळी सुट्टीत किल्ले बघतात, स्टोनहेंज बघतात, कॉट्सवोल्ड्समधल्या गावांत फोटो काढतात, आणि त्या फोटोत मागे हमखास एक चर्च असतं. आत मात्र फारसं कुणी जात नाही. आपण गेलो तर चालेल का, तिकीट असेल का, आणि आत बघायचं तरी काय, असे प्रश्न असतात. चालतं, आणि तिकीट नसतं. पुढचं सगळं तिसऱ्या प्रश्नासाठी.

दारावर 'तेराव्या शतकातलं चर्च' अशी पाटी असली तरी तिच्यावर फार विसंबू नका. मध्ययुगीन गावचर्च एका दमात, एका नकाशावर बांधलेलं क्वचितच असतं. पैसा आला की एक बाजू पाडायची, नवी जोडायची, छप्पर उचलायचं, खिडकी मोठी करायची, हे चारपाचशे वर्षं चाललेलं असतं. म्हणून नवख्या माणसाने 'ही शैली कुठली' याच्या मागे आधी लागू नये. सांधा कुठे दिसतो आणि त्या वेळी पैसे कोणी घातले, हे दोन प्रश्न धरून बघावं. शैलींची नावं ओघात कळतात.

निघण्यापूर्वी

चर्च उघडं आहे का, एवढंच आधी पाहायचं. छपरावरच्या शिशाच्या पत्र्यांच्या चोऱ्यांमुळे काही ठिकाणी कुलूप असतं, पण पुष्कळ गावांत सकाळी कोणीतरी येऊन दार उघडतं आणि संध्याकाळी बंद करतं. कुलूप दिसलं तर पोर्चमधला सूचनाफलक वाचा. किल्ली कुठल्या घरी मिळेल ते बऱ्याचदा तिथेच लिहिलेलं असतं. मागायला संकोच नको. किल्ली सांभाळणारे आजी-आजोबा बहुधा खूश होतात, आणि सोबत येऊन तासभर माहितीही सांगतात, तेवढी तयारी ठेवा. रविवार सकाळ प्रार्थनेची आणि उन्हाळ्यातली शनिवार दुपार लग्नांची, तेव्हा त्या टाळलेल्या बऱ्या.

बूट काढायचे नाहीत. पुरुषांनी टोपी काढायची रीत आहे. जाकीट जुलैतही जवळ असू द्या, कारण जाड दगडी भिंतींमुळे आत बाहेरच्यापेक्षा गार असतं. छोटी दुर्बीण आणि टॉर्च या दोन वस्तू खरंच उपयोगी पडतात. छपरातलं कोरीवकाम इतकं उंच असतं की नुसत्या डोळ्यांना ते लाकडाचे गोळे वाटतात.

हिस्टॉरिक इंग्लंड या संस्थेची संरक्षित इमारतींची यादी इंटरनेटवर फुकट बघता येते. गावाचं नाव टाकलं की चर्चची श्रेणी आणि बहुतेक वेळा भागवार वर्णन मिळतं. माझं मत विचाराल तर ते आधी वाचून जाऊ नका. आधी स्वतः अंदाज बांधा, घरी येऊन ताडून बघा. पहिल्या दोन-तीन चर्चना अंदाज साफ चुकतात आणि त्यातूनच नजर तयार होते.

आधी बाहेरून पूर्ण फेरी

आत शिरायची घाई करू नका. दिशा ओळखणं सोपं आहे: वेदी पूर्वेला, टॉवर बहुधा पश्चिमेला, आणि रोजचं दार दक्षिणेला. पूर्वेचा बुटका भाग म्हणजे चान्सल, मधला मोठा भाग म्हणजे नेव्ह. आपल्या देवळातला गाभारा आणि सभामंडप डोळ्यांपुढे आणा, म्हणजे हे दोन भाग आयुष्यात विसरणार नाहीत. नेव्हच्या दोन्ही अंगांना पुढे जोडलेल्या पडव्या म्हणजे आइल.

आता दगड बघा. बैलगाडीने दगड वाहणं महाग होतं, म्हणून गावात जो मिळाला तो वापरला. हेरफर्डशरमध्ये लाल वालुकाश्म, कॉट्सवोल्ड्समध्ये पिवळसर चुनखडी, नॉर्थॅम्प्टनशरमध्ये लोहयुक्त तपकिरी दगड. नॉरफक-सफकमध्ये धड दगडच नाही, फक्त चकमकीची गार. त्या गोट्यांनी भिंत उभी राहते, पण कोपरा साधायला घडीव चिरा लागतो आणि तो लांबून आणावा लागतो. तिथल्या गोल टॉवरांचं कारण परंपरेने हेच सांगतात. अभ्यासकांत त्यावर वाद आहे, पण इंग्लंडमधले असे पावणेदोनशेच्या आसपास गोल टॉवर बहुतेक सगळे या भागात आहेत हे खरं.

भिंतीत मध्येच वेगळा दगड दिसला की थांबा. डरम परगण्यातलं एस्कम हे सातव्या शतकातलं सॅक्सन चर्च जवळच्या रोमन किल्ल्याचे चिरे उचलून आणून बांधलं आहे. त्याच्या उत्तरेच्या भिंतीत रोमन सैन्याच्या सहाव्या लीजनची अक्षरं कोरलेला एक चिरा आहे, आणि तो उलटा बसवलाय. गवंड्याला ती अक्षरं वाचता येत नसतील किंवा त्याचं त्याला काही सोयरसुतक नसेल.

मग सांधे. भिंतीत जोत्यापासून वर जाणारी उभी सरळ रेघ, जिच्या दोन बाजूंचे थर एकमेकांशी जुळत नाहीत, तो एक सांधा. तिथे जुनी भिंत संपून नवी सुरू झाली. बुजवलेलं दार हा दुसरा. कमानीचा आकार दिसतो, पण आत गोट्यांचं बांधकाम भरलेलं असतं. तिसरा सांधा माझा सगळ्यात आवडता. टॉवरची पूर्वेची बाजू, म्हणजे नेव्हच्या छपराला टेकलेली, नीट बघा. हल्लीच्या छपराच्या वर दगडात उलट्या 'व्ही'सारखा उंच, तिरपा व्रण दिसेल. ती जुन्या छपराची जागा. आधीचं छप्पर खड्या उताराचं, गवताचं किंवा कौलांचं होतं. पुढे शिशाचा पत्रा परवडायला लागला, पत्र्याला इतका उतार लागत नाही, म्हणून छप्पर सपाट झालं. कधीकधी तो व्रण बाहेर सापडत नाही. नेव्हच्या आत उभं राहून पश्चिमेला वर पाहिलं की दिसतो. तसं असेल तर समजायचं की छप्पर उलट उंच नेलंय: नेव्हच्या भिंती वर चढवून त्यांत खिडक्यांची एक ओळ काढली, तिला क्लिअरस्टोरी म्हणतात.

दक्षिण दाराजवळच्या दगडांवर हात फिरवा. मध्ये छोटं भोक आणि त्यातून खाली पसरणाऱ्या ओरखड्यासारख्या रेघा दिसल्या तर ते प्रार्थनेची वेळ बघायचं सूर्यघड्याळ. भोकात काडी बसवायची, सावली रेघेवर आली की मास, म्हणजे मुख्य प्रार्थना, सुरू. हे घड्याळ पोर्चच्या आत, सावलीत सापडलं तर? तिथे ऊनच येत नाही. म्हणजे पोर्च नंतर बांधलं, किंवा तो चिरा दुसरीकडून आणून बसवला.

खिडकीवरून शतक

शैलींची नावं रूढ केली थॉमस रिकमन या माणसाने, १८१७ साली. तो क्वेकर पंथाचा, लिव्हरपूलमध्ये विमा दलालाच्या कचेरीत हिशेब लिहिणारा. जुनी चर्च बघायचा त्याला नाद होता. म्हणजे मध्ययुगीन गवंड्यांनी ही नावं कधी ऐकलीही नव्हती. तरी ती कामाची आहेत, आणि ओळखायची सोपी जागा म्हणजे खिडकी.

१०६६च्या, म्हणजे नॉर्मनांनी इंग्लंड जिंकण्याच्या, आधीचं ते सॅक्सन. खिडक्या लहान, कधी दोन तिरपे दगड एकमेकांना टेकवून केलेलं त्रिकोणी डोकं. भिंतीच्या कोपऱ्यावर एक चिरा उभा, एक आडवा अशी रचना. नॉर्थॅम्प्टनशरमधल्या अर्ल्स बार्टनचा टॉवर बघितला की हे विसरत नाही. त्यावर दगडी पट्ट्यांची नक्षी अशी आहे की जणू सुताराने चौकटी ठोकल्यात.

नॉर्मन काळात, साधारण ११९०पर्यंत, कमान अर्धगोल. खिडकी बाहेरून चिंचोळी, पण भिंत इतकी जाड की आत ती पसरट होत जाते, म्हणजे थोडा उजेड तरी जास्त पसरावा. दारांवर नागमोडी, करवतीसारखी नक्षी. हेरफर्डशरमधलं किलपेक हे ११४०च्या सुमाराचं चर्च यासाठी मुद्दाम बघावं. छपराच्या कडेखाली भिंतीतून पुढे आलेले ऐंशीच्या वर दगडी ठोकळे आहेत आणि प्रत्येकावर वेगळं काहीतरी. एका ठोकळ्यावर कुत्रा आणि ससा शेजारी-शेजारी बसलेत, दोघांची तोंडं अशी की आज काढलेलं व्यंगचित्र वाटावं. त्याच ओळीत एक उघडीवाघडी बाईही आहे. चर्चवर तिचं काय काम, यावर विद्वान अजून भांडतात.

मग कमान टोकदार झाली. तेराव्या शतकातल्या उभट, अणकुचीदार, नक्षी नसलेल्या खिडक्या म्हणजे अर्ली इंग्लिश. मुंबईकरांना त्या अनोळखी नाहीत: कुलाब्याचं अफगाण चर्च १८५८चं, पण त्याच्या खिडक्या याच काळाची नक्कल आहेत.

अशा दोन-तीन खिडक्या शेजारी आल्या, वर एका मोठ्या कमानीत बांधल्या गेल्या, आणि मधल्या मोकळ्या जागेत दगडाची जाळी आली. साधारण १२८० ते १३५० हा डेकोरेटेड काळ. जाळी आधी वर्तुळांची, मग माशांच्या जाळ्यासारखी, शेवटी ज्वाळांसारखी वळणारी. लिंकनशरमधलं हेकिंग्टन या कामाचा कळस.

१३४८-४९च्या प्लेगने देशाची लोकसंख्या इतकी घटवली की अनेक गावांत काम होतं तिथेच थांबलं. नंतर जे वाढीला लागलं ते पर्पेंडिक्युलर, साधारण १५४०पर्यंत. हे आणि डेकोरेटेड यांच्यात नवख्यांचा गोंधळ होतो, तर एकच बघा: खिडकीतले उभे दगडी दांडे वर जाऊन वळतात, की सरळ कमानीला जाऊन भिडतात? भिडत असतील तर पर्पेंडिक्युलर. खिडक्याही अवाढव्य होतात, दोन खिडक्यांमध्ये भिंत जेमतेम उरते.

यात गोम अशी की खिडकी भिंतीपेक्षा तरुण असू शकते. नॉर्मन भिंतीत पंधराव्या शतकाची खिडकी बसवणं अगदी नेहमीचं होतं. खिडकीवरून खिडकीचं वय ठरवा, भिंतीचं नाही. आणि कोरीवकामाच्या कडा सगळीकडे सारख्याच धारदार दिसल्या तर बहुधा ते काम एकोणिसाव्या शतकातलं.

दार आणि आतलं पहिलं पाऊल

पोर्चमध्ये दोन बाजूंना दगडी बाक असतात. करार-मदार इथे व्हायचे, लग्नाचा पहिला भागही इथे, दाराबाहेरच व्हायचा. दार उघडत नाही म्हणून परत फिरू नका. लोखंडी जाड कडं असतं, ते फिरवायचं. आतली खिट्टी उचलल्याचा खट्ट आवाज येतो, मग खांद्याने ढकलायचं. ओक लाकडाचं दार जड असतं आणि उंबरठ्यामागे बऱ्याचदा एक-दोन पायऱ्या खाली असतात, तेव्हा जपून.

आत शिरल्यावर दाराजवळच बाप्तिस्म्याचं दगडी पात्र, म्हणजे फॉन्ट. बाप्तिस्मा हा धर्मात प्रवेश, म्हणून जागा दाराशी. चर्चमधली सगळ्यात जुनी वस्तू बऱ्याचदा हीच असते, कारण भिंती पाडल्या तरी फॉन्ट टाकून देत नसत. त्याच्या काठाला तुटलेले कोपरे किंवा शिसं भरलेल्या खाचा दिसतात का बघा. १२३६ साली कँटरबरीचे आर्चबिशप एडमंड यांनी फॉन्टला झाकण आणि कुलूप लावायचा हुकूम काढला होता. मंतरलेलं पाणी लोक जादूटोण्यासाठी चोरून नेत. त्या कुलपाच्या कड्या उपटल्या तेव्हा दगडाचा टवका उडाला, तो अजून तसाच.

तिथेच उभं राहून नेव्हच्या दोन्ही बाजूंच्या कमानींची तुलना करा. एकीकडे जाडजूड गोल खांब आणि अर्धगोल कमानी, दुसरीकडे सडपातळ अष्टकोनी खांब आणि टोकदार कमानी, असं बरेचदा असतं. म्हणजे एक आइल आधी वाढवलं, दुसरं शंभर-दीडशे वर्षांनी. आधी नेव्हला सरळ भिंत होती, तिच्यातच कमानी फोडल्या. म्हणून कमानीच्या वर कधीकधी जुन्या बुजवलेल्या खिडकीचा अर्धाच तुकडा शिल्लक दिसतो. उरलेला अर्धा कमानीने खाल्ला. असा तुकडा सापडला की त्या चर्चमधली आणखी मोठी खूण शोधायची गरज नाही.

पैशाची सीमारेषा

नेव्ह आणि चान्सल यांच्यामधली मोठी कमान, चान्सल आर्च, ही या इमारतीतली खरी सरहद्द. तेराव्या शतकापासून रीत अशी पक्की झाली की चान्सलची डागडुजी रेक्टरने करायची आणि नेव्हची गावकऱ्यांनी. रेक्टर म्हणजे गावाच्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा ज्याला मिळतो तो. कधी पाद्री, कधी दूरचा एखादा मठ. दूरच्या मठाला या गावाच्या चान्सलवर खर्च करायची हौस कशाला असणार? तिथे हात आखडता. उलट गावकरी आपापल्या चढाओढीत नेव्हवर हात सैल सोडायचे. शेजारच्या गावाने टॉवर बांधला की यांनाही हवा. नेव्ह उंच, उजेडी, पंधराव्या शतकातलं आणि चान्सल बुटकं, तेराव्या शतकातलं, हे चित्र इतक्या ठिकाणी दिसतं त्यामागे हे मोठं कारण आहे.

सफक आणि कॉट्सवोल्ड्समध्ये हा गावचा पैसा लोकरीचा आणि कापडाचा. लॅव्हनमचा ४३ मीटर उंच टॉवर, ज्याच्यावर कापडव्यापारी स्प्रिंग घराण्याची ढालचिन्हं कोरली आहेत, किंवा फेअरफर्डचं चर्च, जे लोकरीचा व्यापारी जॉन टेम याने नव्याने बांधायला घेतलं आणि ज्याच्या अठ्ठावीस खिडक्यांत मध्ययुगीन रंगीत काचा जवळजवळ जशाच्या तशा उरल्या आहेत, ही त्याची उदाहरणं.

आणि ही सरहद्द नुसता इतिहास नाही. मठ बरखास्त झाले, जमिनी खासगी लोकांकडे गेल्या आणि चान्सलची जबाबदारीही काही जमिनींबरोबर गेली. वॉरिकशरमधल्या ॲस्टन कँटलो गावी एका शेतकरी दांपत्याला वारशात आलेल्या जमिनीपोटी चर्चच्या चान्सलच्या दुरुस्तीचा खर्च भरायला सांगितलं गेलं. ते थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत, लढले आणि २००३ साली हरले. रक्कम पुढे सुमारे १ लाख ८७ हजार पौंड ठरली, वकिलांचा खर्च वेगळाच. १३ ऑक्टोबर २०१३नंतर नियम बदलले, आणि जबाबदारीची नोंद जमिनीच्या दप्तरात झालेली नसेल तर नव्या खरेदीदारावर ती सहसा येत नाही. तरीही इंग्लंडमध्ये घर घेताना सॉलिसिटर तपासण्यांच्या यादीत 'चान्सल रिपेअर' अशी एक ओळ घालतो आणि त्याचे थोडे पौंड लावतो. ही काय भानगड, असं ज्यांना वाटलं असेल त्यांच्यासाठी उत्तर हे.

आता त्या कमानीकडे परत. पूर्वी तिच्यात लाकडी पडदा होता, त्याच्यावर चिंचोळा सज्जा आणि सज्ज्यावर क्रूसावरचा येशू, शेजारी मेरी आणि जॉन. या सगळ्याला रूड म्हणायचे. सोळाव्या शतकात धर्मसुधारणेच्या लाटेत, म्हणजे इंग्लंड प्रोटेस्टंट होताना, मूर्ती उतरवल्या, नंतर सज्जेही पाडले. पडद्याचा खालचा भाग काही ठिकाणी उरला. नॉरफकमधल्या रॅनवर्थला त्यावरची संतांची रंगीत चित्रं आजही बघता येतात. पण सज्जा गेला तरी त्याच्याकडे जाणारा जिना दगडात कोरलेला असल्याने राहिला. कमानीच्या बाजूला भिंतीत माणसाच्या डोक्याच्या कितीतरी वर एक दार दिसलं, जिथून पाऊल टाकलं तर सरळ खाली पडाल, तर ते हे. मुलांना हे शोधायला सांगा, पटकन सापडतं.

चान्सलमधले कोनाडे

वेदीजवळ दक्षिणेच्या भिंतीत एक कोनाडा असतो, तळाला उथळ खळगा आणि त्यात पाणी जायला भोक. हा पिसिना. पूजेची भांडी आणि हात धुतलेलं पाणी पवित्र, ते कुठेही ओतायचं नाही, म्हणून भिंतीतून थेट जमिनीत. शेजारी दगडात कोरलेल्या तीन बैठका, त्या सेडिलिया: पाद्री आणि त्याच्या दोन मदतनिसांसाठी. समोर उत्तरेच्या भिंतीत दार असलेला किंवा दाराच्या बिजागरीच्या खुणा असलेला कोनाडा म्हणजे भांड्यांचं कपाट.

पिसिनाची खरी गंमत चान्सलबाहेर आहे. आइलच्या भिंतीत, आज जिथे खुर्च्यांचा ढीग किंवा मुलांच्या खेळण्यांची टोपली आहे तिथे मागे पिसिना दिसला, तर तिथे एकेकाळी दुसरी वेदी होती. एखाद्या श्रीमंताने आपल्या आत्म्यासाठी प्रार्थना म्हणायला पगारी पाद्री ठेवलेला असू शकतो. १५४७च्या कायद्याने असल्या देणग्या जप्त झाल्या, वेद्या गेल्या, कोनाडा मात्र काढायला कोणी फिरकलं नाही.

इथेच थोडं सावध करतो. गावच्या माहितीपत्रकांत काही दंतकथा पिढ्यान्‌पिढ्या छापल्या जातात. चान्सल नेव्हच्या रेषेत नसेल तर 'क्रूसावर येशूची मान कलली होती म्हणून' असं लिहितात. प्रत्यक्षात दोन भाग वेगवेगळ्या वेळी बांधले आणि माप चुकलं. उत्तरेच्या बुजवलेल्या दाराला सैतानाचं दार म्हणतात. ते मिरवणुकांसाठी होतं, मिरवणुका बंद झाल्यावर गार वारा नको म्हणून बुजवलं. चान्सलच्या खालच्या छोट्या खिडकीला कुष्ठरोग्यांची खिडकी म्हणतात, पण कुष्ठरोग्यांना गावात हिंडू देत नसताना ते तिथे डोकावणार कसे? आतली घंटा बाहेर ऐकू जावी म्हणून ती असावी, असं मानणारे बरेच आहेत. आणि पाय एकमेकांवर टाकून झोपलेला दगडी सरदार क्रुसेडला गेलेला असतोच असं नाही, त्या काळात तशी फॅशन होती.

भिंतीवरचं लिखाण, चित्रं आणि देवदूत

आजची पांढरी किंवा उघड्या दगडाची भिंत मध्ययुगीन माणसाला ओळखू आली नसती. आत सगळीकडे गिलावा आणि रंगीत चित्रं होती. चान्सल आर्चवर बहुधा कयामतीचा दिवस रंगवलेला असे, एका बाजूला स्वर्ग, दुसरीकडे नरक. धर्मसुधारणेत त्यावर चुना फासला. सफकमधल्या वेनहॅस्टनला हे चित्र फळ्यांवर होतं. १८९२ साली दुरुस्तीत त्या पांढऱ्या फळ्या काढून चर्चच्या आवारात टाकल्या, रात्री पाऊस झाला, चुना वाहून गेला आणि सकाळी नरकाचं तोंड दिसू लागलं. आता ते चित्र आत लावलंय. मधोमध तीन कोऱ्या आकृत्या आहेत. तिथे रूडच्या मूर्ती होत्या, म्हणून मागे रंग लावलाच नव्हता.

खांबांवर टॉर्च तिरपा धरा. समोरून मारलेल्या उजेडात जे दिसत नाही ते तिरप्या उजेडात उठून दिसतं: वर्तुळं, जहाजं, नावं. हर्टफर्डशरमधल्या ॲशवेलच्या टॉवरमध्ये आतल्या भिंतीवर कोणीतरी लॅटिनमध्ये १३५०च्या प्लेगबद्दल खरवडलं आहे, की साक्ष द्यायला लोकांतला गाळ तेवढा मागे उरला. त्याखाली १३६१च्या वादळाची नोंद आहे, आणि शेजारी लंडनच्या जुन्या सेंट पॉल्सचं चित्र.

वर बघायला विसरू नका. सफक आणि आसपास लाकडी छपरांच्या तुळयांवर पंख पसरलेले देवदूत कोरलेले असतात. केंब्रिजशरमधल्या मार्चला शंभराहून जास्त आहेत. सफकमधल्या ब्लाइदबरोच्या देवदूतांत शिशाच्या गोळ्या सापडल्या तेव्हा सगळ्यांनी सतराव्या शतकातला मूर्तिभंजक विल्यम डाउझिंग याच्यावर ठपका ठेवला. आता मात्र अंदाज असा, की अठराव्या शतकात छपरात घरटी करणारे जॅकडॉ, म्हणजे छोटे कावळे, मारताना हे छर्रे लागले.

संगमरवरी स्मारकपाट्याही चाळा. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या पाट्यांवर बॉम्बे आणि पूना ही नावं अनेक गावांत भेटतात. पुण्याचा रेसिडेंट आणि पुढे मुंबईचा गव्हर्नर झालेला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन १८५९ साली सरेमध्ये वारला, त्याचं दफन लिम्प्सफील्डच्या चर्चपाशी आहे, आणि ते चर्चही मध्ययुगीनच.

व्हिक्टोरियन हात

राणी व्हिक्टोरियाच्या काळात बहुतेक गावचर्चवर 'जीर्णोद्धार' झाला. गिलावा खरवडून दगड उघडे केले, जुने बाक काढून एकसारखे पाइनचे बाक टाकले, फरशीवर गुळगुळीत रंगीत टाइल्स आल्या, आणि खऱ्या पंधराव्या शतकातल्या खिडक्या फोडून तिथे तेराव्या शतकाच्या नकला बसवल्या, कारण तेरावं शतक अधिक 'शुद्ध' समजलं जाई. याला वैतागून कवी आणि नक्षीकार विल्यम मॉरिसने १८७७ साली जुन्या इमारती वाचवणारी संस्था काढली. खरवडण्याविरुद्धची म्हणून तिला गमतीने अँटी-स्क्रेप म्हणत. सगळंच व्हिक्टोरियन काम टाकाऊ नाही, त्यांनी छपरं सावरली नसती तर कित्येक चर्च आज उभी नसती. पण गिलावा खरवडलेली भिंत बघितली की मला अजूनही वाईट वाटतं.

कुठून सुरुवात करावी

पहिलं चर्च म्हणून इंगल्शम सुचवतो. विल्टशरमध्ये लेचलेडजवळ, थेम्सच्या वरच्या अंगाला, स्विंडनहून गाडीने फार दूर नाही. स्विंडनमध्ये गोवेकरांची मोठी वस्ती आहे, त्यांना तर घरचंच अंगण. मॉरिस जवळच केल्म्सकॉटला राहायचा, त्याने पुढाकार घेतल्यामुळे इथे व्हिक्टोरियन सुधारणा झाली नाही, फक्त डागडुजी झाली. आज ते चर्चेस कॉन्झर्व्हेशन ट्रस्टकडे आहे. सॅक्सन काळातली मेरी आणि बाळाची कोरीव शिळा, तेराव्या शतकातल्या कमानी, मध्ययुगीन पडदे, उंच कडांचे पेटीसारखे बाक, आणि भिंतीवर एकावर एक चढलेले रंगाचे आणि मजकुराचे इतके थर की कुठला वरचा, कुठला खालचा, ते शोधण्यात वेळ जातो. टॉवर नाही, पश्चिमेच्या टोकावर घंटेपुरती छोटी चौकट आहे. वर सांगितलेले सांधे शोधायला इतकी चांगली जागा दुसरी नाही.

लंडनकरांनी हॅरो-ऑन-द-हिलचं सेंट मेरीज किंवा हीथ्रोशेजारचं हार्मंड्सवर्थ घ्यावं. हार्मंड्सवर्थला नॉर्मन दार आहे आणि जवळच पंधराव्या शतकातलं लाकडी धान्यकोठार. सफकला जाणार असाल तर ब्लाइदबरो आणि वेनहॅस्टन अगदी जवळजवळ आहेत, एका दुपारीत दोन्ही होतात. हिवाळ्यात मात्र दुपारी दोनच्या आत पोचा, साडेतीनला आत काही दिसत नाही.

निघताना पोर्चचा जाळीचा दरवाजा ओढून घ्या. तो चोरांसाठी नसतो, पाखरांसाठी असतो; आत अडकलेलं पाखरू खिडकीवर आपटत राहतं आणि पाण्यावाचून मरतं. दारापाशी भिंतीत दानपेटी असते, हल्ली शेजारी कार्ड टेकवायचं यंत्रही. दोन-चार पौंड टाका. नेव्हचं छप्पर आजही गावकऱ्यांच्याच गळ्यात आहे.